नोंद आणि रुमाल : संगणकातील मोठ्या फायली कुठे ठेवाव्यात?



डॉक्टरला व्याख्यानाला बोलावले की श्रोते मधुमेहावर किंवा गुडघेदुखीवर काही ऐकायच्या तयारीने येतात. आज मी तुमची थोडी निराशा करणार आहे. संगणकात मोठ्या फायली कुठे आणि कशा ठेवाव्यात, यावर मी बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल. पण आपल्या वाचनालयातली जीर्ण पुस्तके, हौशी नाटकांची जुनी छायाचित्रे, घराघरांतल्या ट्रंकांमधले मोडी कागद आणि आता मोजकेच उरलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी, हे सगळे संगणकावर घ्यायचे आपण ठरवत आहोत. स्कॅन करणे हे त्यातले सोपे काम. ठेवण्याची व्यवस्था आज विचाराने लावली नाही, तर वीस वर्षांनी नातवंडांच्या हाती नोंदी लागतील आणि चित्रे लागणार नाहीत. किंवा चित्रे लागतील आणि त्यातली माणसे कोण, हे सांगणारी नोंद नसेल. आपण बेळगावकर मराठी मंडळी पिढ्यान् पिढ्या इथे राहिलो. आपले कागद दुसऱ्या कोणाच्या कपाटात सापडतील, अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

मी संगणक अभियंता नाही, बी.एच.एम.एस. डॉक्टर आहे. होमिओपॅथीत रोग्याची हकिकत लांबलचक लिहावी लागते आणि वर्षानुवर्षे जपावी लागते. दवाखान्याचे केसपेपर संगणकावर घेताना हा प्रश्न माझ्यापुढे आला, म्हणून त्याचा अभ्यास केला. समजले आणि वापरून पाहिले, तेवढेच सांगतो.

प्रथम जुनी पद्धत पाहू. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित करून प्रसिद्ध केले. असे मोठे दफ्तर वापरता येते ते दोन गोष्टींमुळे. कागद रुमालात असतो आणि कोणत्या रुमालात काय आहे याची यादी वेगळी असते. यादी हलकी असते, भराभर चाळता येते. रुमाल जड असतो, लागेल तेव्हाच सोडायचा. दवाखान्यातही तेच. एक्स-रेची फिल्म केसपेपरला कोणी टाचत नाही. केसपेपरवर तारीख आणि क्रमांक लिहायचा, फिल्म पाकिटात घालून कपाटात ठेवायची.

संगणकातला डेटाबेस म्हणजे ही यादी, आपल्या वाचनालयाच्या भाषेत दाखल नोंदवही. दाखल क्रमांक, ग्रंथनाम, लेखक, वर्ष, असे रकाने. हव्या त्या रकान्यावरून क्षणात शोध घेता येतो, म्हणून तो वापरायचा. प्रश्न एवढाच, की पुस्तकाच्या पानाचे चित्र, फोटो किंवा ध्वनिमुद्रण हे याच वहीच्या एका रकान्यात भरावे, की फोल्डरमध्ये वेगळी फाइल म्हणून ठेवून वहीत फक्त तिचा पत्ता लिहावा?

वहीच्या रकान्यात भरलेल्या अशा ऐवजाला ‘ब्लॉब’ म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कंपनीत काम करणाऱ्या जिम स्टार्की यांनी हे नाव दिले. १९५८ सालच्या एका भयपटातला, समोर येईल ते गिळत सुटणारा गोळा त्यांच्या मनात होता. ‘बायनरी लार्ज ऑब्जेक्ट’ हा भारदस्त अर्थ त्याला नंतर चिकटला. नाव अगदी चपखल आहे, कारण डेटाबेसच्या दृष्टीने हा ऐवज म्हणजे आत काय आहे ते न कळणारा गोळाच. ‘१९४०च्या आधीची पुस्तके दाखव’ असे विचारले तर तो दाखवील. ‘ज्या फोटोत आजोबा आहेत तो दाखव’ हे त्याला फोटो पाहून सांगता येत नाही. आपण नोंदीत नाव लिहिले असेल, तरच सांगता येते.

आता वजनांचा हिशेब करू. ए-फोर आकाराचे एक पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणात रंगीत स्कॅन केले, तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट धरल्या की २६ एमबी. ही न दाबलेली, मूळ प्रत. दोनशे पानांचे पुस्तक म्हणजे पाच जीबीच्या वर. अशी हजार पुस्तके घेतली, तर पाच टीबीच्या वर. जेपेग करून दाबली तर आकार बराच उतरतो, पण तरी पानाला एखाद-दोन एमबी धरून चालावे. ध्वनिमुद्रण सीडीच्या दर्जाचे केले तर मिनिटाला साधारण साडेदहा एमबी, तासाला सव्वासहाशे एमबीच्या वर. उलट एका पुस्तकाची नोंद किती? एक-दोन केबी. म्हणजे हजार पुस्तकांची सगळी नोंदवही एका पानाच्या मूळ चित्राहूनही हलकी. यादी आणि रुमाल यांच्या वजनातला हा फरक मनात पक्का ठेवा. पुढचा सगळा विचार त्यावरच उभा आहे.

ऐवज वहीच्या आतच ठेवण्याचे फायदे मोठे आहेत. पहिला असा की नोंद आणि वस्तू यांची ताटातूट होत नाही. चांगला डेटाबेस बँकेसारखा वागतो. एका खात्यातून पैसे गेले आणि दुसऱ्यात जमा झाले नाहीत, असे तो होऊ देत नाही. दोन्ही घडते किंवा काहीच घडत नाही. चित्र आत असेल तर हीच शिस्त चित्रालाही लागू होते. मध्येच वीज गेली तरी अर्धवट काही राहत नाही. दुसरा फायदा, एका बॅकअपमध्ये सगळे येते. तिसरा, कोणी काय पाहावे याचे कुलूप एकच. फोल्डर मात्र त्या संगणकावर बसणाऱ्या कोणालाही उघडता येतो, जोवर त्याला वेगळे कुलूप लावलेले नाही.

तोटे वजनाबरोबर वाढत जातात. वहीचे आकारमान पाच टीबी झाले की तिचा पूर्ण बॅकअप म्हणजे पाच टीबी उचलणे. दिवसात एका नोंदीतले शुद्धलेखन सुधारले तरी, खास व्यवस्था केली नसेल तर, रात्री सगळे ओझे पुन्हा उचलायचे. फायली वेगळ्या असतील तर त्या दिवशी आलेल्या नव्या फायली तेवढ्या उचलल्या की झाले. शिवाय आतले चित्र पाहायचे तर तेच सॉफ्टवेअर हवे. फोल्डरमधले चित्र कोणत्याही संगणकावर दोन टिचक्यांत उघडते.

मर्यादाही लक्षात घ्यायला हव्यात. मायएसक्यूएलमध्ये ‘ब्लॉब’ या साध्या प्रकारच्या रकान्यात ६५,५३५ बाइटच मावतात, म्हणजे मोबाइलवर काढलेला एक फोटोही नाही. जुन्या, सैल मांडणीत मोठा फोटो घातला तर नुसती सूचना देऊन उरलेला भाग कापला जात असे, आणि ती सूचना कोणी वाचत नसे. ‘मीडियमब्लॉब’मध्ये १६ एमबी आणि ‘लाँगब्लॉब’मध्ये ४ जीबीपर्यंत मावते. पोस्टग्रेसमध्ये एका रकान्याची कमाल मर्यादा १ जीबी आहे. त्यात एक गंमत आहे. एखादी ओळ साधारण दोन केबीहून मोठी झाली की पोस्टग्रेस तो जड ऐवज दाबून पाहतो आणि तरीही मावला नाही तर तुकडे करून आपणच बाजूच्या तक्त्यात ठेवतो, मुख्य ओळीत फक्त खूण ठेवतो. म्हणजे वहीत भरले असे आपल्याला वाटते, पण वहीवाल्याने आतल्या आत वेगळा रुमाल बांधलेला असतो. एसक्यूलाइटमध्ये तर सारा डेटाबेस ही एकच फाइल असते, म्हणून तो खिशात घालून नेता येतो. मात्र जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट-३२ने, तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसतच नाही, आणि नेमके बॅकअप घ्यायच्या दिवशी हे कळते.

मग सीमारेषा कुठे आखायची? यावर मोजून काढलेली उत्तरे आहेत. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात रसेल सिअर्स, कॅथरीन व्हॅन इंगेन आणि जिम ग्रे यांनी २००६ मध्ये एक अहवाल लिहिला. ग्रे म्हणजे डेटाबेसच्या क्षेत्रातल्या कामाबद्दल १९९८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ. त्यांनी त्या वेळच्या एसक्यूएल सर्व्हरवर आणि विंडोजच्या फायलींवर प्रयोग केले. निष्कर्ष असा : ऐवज २५६ केबीहून लहान असेल तर तो डेटाबेसमध्ये चांगला राहतो, १ एमबीहून मोठा असेल तर बाहेर फाइल म्हणून, मधल्या पट्ट्यात तो किती वेळा बदलला जातो यावर अवलंबून. ऐवज वारंवार बदलत राहिला की डिस्कवर त्याचे तुकडे विखुरतात आणि कालांतराने वेग घटतो, हेही त्यांनी दाखवले. नव्या डिस्कवरच्या पहिल्या दिवसाच्या वेगावर भाळू नये, हा त्यातला धडा. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनीही स्वतःची मोजणी प्रसिद्ध केली आहे. सुमारे दहा केबीची छोटी चित्रे सुट्या फायलींतून वाचण्यापेक्षा त्यांच्या डेटाबेसमधून वाचणे साधारण ३५ टक्के जलद ठरते. शंभर केबीच्या वर मात्र सुट्या फायली सरस ठरू लागतात. यंत्रे बदलतील तसे आकडे थोडे सरकतील. हलके आत आणि जड बाहेर, ही दिशा मात्र दोन्हीकडे एकच आहे.

पण बाहेर ठेवण्यातही एक घात आहे. एका संस्थेतला प्रकार मी जवळून पाहिला. नाव घेत नाही. शेकडो फोटो स्कॅन झाले, प्रत्येकाची नोंद मन लावून केली गेली, आणि पत्त्याच्या रकान्यात ‘डी ड्राइव्ह, फोटो, नवीन फोल्डर २’ असे पडले. पुढे संगणक बदलला. फोटो उतरवून घेणाऱ्याने ते सोयीच्या जागी ठेवले आणि फोल्डरांची नावेही सुधारली. नोंदी सगळ्या शाबूत, पण चित्राच्या जागी रिकामी चौकट. चित्रेही सगळी शाबूत, पण त्यांची नावे कॅमेऱ्याने दिलेले आकडे. काहीही हरवलेले नाही आणि काहीही सापडत नाही, अशी ती अवस्था. ज्या बाईंना त्या फोटोंतले चेहरे ओळखता येत होते, त्या तोवर गेल्या होत्या.

म्हणून माझे मुख्य सांगणे हे आहे. ऐवज आत ठेवा की बाहेर, हा निर्णय वजन पाहून घ्या. पण जड ऐवज बाहेर ठेवलात, तर डेटाबेस जो धागा आपोआप बांधतो, तो तुम्हाला हाताने बांधावा लागेल. तो बांधायची तयारी नसेल तर बाहेर ठेवू नका.

हा धागा कसा बांधायचा? आपल्या वाचनालयासाठी मी काही नियम सुचवतो.

फाइलचे नाव दाखल क्रमांकावरूनच पडावे. दाखल क्रमांक १२४७, पान ३५, एवढेच. नावात ग्रंथनाम, विषय, ‘नवीन’, ‘अंतिम’ असले काही नको. अर्थ नोंदवहीत राहू द्या, फाइलीला फक्त ओळख असू द्या. पत्ताही ड्राइव्हच्या अक्षरापासून लिहू नये. संग्रहाच्या मुख्य फोल्डरपासून पुढचा तेवढा लिहावा. मग सगळा संग्रह उचलून दुसऱ्या डिस्कवर नेला तरी पत्ते खरेच राहतात.

एकदा ठेवलेली फाइल पुन्हा बदलायची नाही. पान वाकडे आले म्हणून पुन्हा स्कॅन केले, तर ती नवी फाइल, नवा अनुक्रम. जुनी तशीच राहील.

क्रम पाळावा : आधी फाइल जागेवर ठेवायची, मग नोंद करायची. काढून टाकायचे असेल तर उलट, आधी नोंद, मग फाइल. मध्येच काही बिघडले तर फार तर एखादी फाइल नोंदीवाचून पडून राहील. ती नंतर शोधून काढता येते. नोंद आहे आणि वस्तूच नाही, अशी फसवणूक होणार नाही. बॅकअपलाही हाच विचार. आधी नोंदवहीची प्रत, लगेच मागोमाग फायलींची. म्हणजे त्या वहीत ज्याचा उल्लेख आहे, ते सारे त्या प्रतीत सापडेलच.

प्रत्येक नोंदीत फाइलचा आकार बाइटमध्ये आणि तिचा ठसा लिहावा. ठसा म्हणजे काय? अंगठ्याच्या ठशासारखी, फाइलच्या आतल्या मजकुरावरून गणिताने काढलेली खूण. एसएचए-२५६ या पद्धतीने ती ६४ अंक-अक्षरांची येते. फाइलमधला एक ठिपका बदलला तरी ठसा पार बदलतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाच्या आज्ञेने तो फुकट काढता येतो. नाव पुसले गेले, फोल्डर हलला, तरी ठशावरून फाइल आणि नोंद पुन्हा जुळवता येतात. त्या संस्थेकडे एवढे एक असते, तर एका संध्याकाळी सगळे जागेवर आले असते.

आणि यादीत दाखवायची नखाएवढी छोटी चित्रे, दहा-वीस केबीची, ती मात्र खुशाल डेटाबेसच्या आत ठेवा. ती हलकी आहेत, सतत लागतात, आणि मूळ चित्र हरवले तरी काय होते याची निशाणी म्हणून उरतात.

आता तुम्ही विचाराल, ‘डॉक्टर, तुमच्या दवाखान्यात असेच आहे का?’ नाही. आमच्या शास्त्रात एकच ताप दोघांना आला तरी औषध दोघांना एकच नसते. आधी माणूस पाहावा लागतो. माझ्याकडे तपासण्यांचे अहवाल आणि त्वचारोगांचे फोटो असतात. मी ते आकाराने लहान करून डेटाबेसच्या आतच ठेवतो. रोग्याची गुप्तता हे पहिले कारण. त्यांचे एकूण वजन थोडे आहे आणि सगळे एका कुलपाखाली राहते. फोल्डर उघडला आणि कोणाच्या अंगावरचे डाग शेजाऱ्याने पाहिले, असे होता कामा नये. मोठ्या रुग्णालयांत सीटी स्कॅन आणि एमआरआयची चित्रे असतात. तिथे बहुधा चित्रे स्वतंत्र साठ्यात आणि त्यांची सूची डेटाबेसमध्ये, अशी रचना असते. शिवाय तिथल्या डायकॉम या प्रमाणपद्धतीत रोग्याची आणि तपासणीची माहिती खुद्द चित्राच्या फाइलमध्येही लिहिलेली असते. सूची बुडाली तरी चित्र स्वतःची ओळख सांगू शकते. हे आपणही घ्यावे. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये त्याची नोंद साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून ठेवावी.

‘हे सगळे क्लाउडवर टाकून मोकळे का होऊ नये?’ असे तरुण मंडळी विचारतात. प्रश्न रास्त आहे. अ‍ॅमेझॉनने २००६ मध्ये एस-थ्री ही सेवा सुरू केल्यापासून जड ऐवज दूरच्या साठ्यात आणि नोंद आपल्या डेटाबेसमध्ये, ही पद्धत जगभर रुळली आहे. दुसरी प्रत म्हणून ती उत्तमच. पण ती भाड्याची खोली आहे. भाडे दरमहा जाते, ते एखाद्या कार्यकर्त्याच्या कार्डावरून जाते, आणि कार्यकर्ता बदलला की सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जात राहतात. एक प्रत स्वतःच्या घरात हवीच.

आणि एक प्रत दुसऱ्या गावी. मूडबिद्रीला धवला ग्रंथाची ताडपत्रे शतकानुशतके जपली गेली, ही मोठीच श्रद्धेची गोष्ट. पण ती जपणूक एकाच गावावर अवलंबून होती. नकला बाहेर आल्या आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली खंड छापले जाऊ लागले, तेव्हा कुठे त्या ग्रंथाची एका जागेवरची भिस्त संपली. आपल्यापैकी कितीतरी घरांची मुले पुण्याला, इंदूरला, वडोदऱ्याला आहेत. संग्रहाची एक डिस्क तिकडे राहायला काय हरकत आहे?

शेवटचा मुद्दा मी घरच्या संस्कारातून घेतो. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला आम्ही श्रुतपंचमी पाळतो. त्या दिवशी ग्रंथभांडारातल्या पोथ्या बाहेर काढतात, धूळ झटकतात, ऊन-वारा दाखवतात, वाळवी आहे का पाहतात, आणि नव्या वेष्टनात बांधून ठेवतात. पूजा आहेच, पण पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा प्रत्येक पोथीला माणसाचा हात लागतो. संगणकातल्या संग्रहालाही असा एक दिवस हवा. त्या दिवशी सर्व ठसे पुन्हा काढून नोंदींशी ताडून पाहावेत. बॅकअपची डिस्क दुसऱ्याच संगणकाला जोडून संग्रह नव्याने उभा करून पाहावा. उभा करून न पाहिलेला बॅकअप म्हणजे न उघडलेले पाकीट; आत काय आहे हे कोणाला माहीत? आपल्या वार्षिक सभेच्या आदल्या रविवारी हे करता येईल. एक संगणक आणि दोन माणसे, एवढ्यावर भागेल.

ही दोन माणसे कोण, हे मात्र आजच ठरवावे अशी माझी विनंती आहे. त्यातले एक पंचविशीच्या आतले असावे. नियमांचा एक कागद छापून नोंदवहीच्या पहिल्या पानावर चिकटवावा, म्हणजे तिसरा माणूस आला तरी त्याला कोणाला विचारावे लागणार नाही. आणि घरी ट्रंकेत कागद, अल्बममध्ये फोटो असतील त्यांनी स्कॅनरची वाट पाहू नये. आज रात्रीच फोटोच्या मागे, शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, आतल्या माणसांची नावे लिहून ठेवावीत. यंत्र पुढच्या महिन्यातही येईल. नावे सांगणारी माणसे घरात आहेत, तोवर नोंद करून घ्या.